सीबीडी तेल घ्यावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीबीडी तेलाबद्दल दोन टोकांची मतं कानावर येतात. कुणाला ते सगळ्या दुखण्यांवरचा रामबाण उपाय वाटतं, तर कुणी नाव ऐकताच ‘गांजा नको’ म्हणून हात झटकतं. दोन्ही मतांनी माणसांचं नुकसान होतं. पहिल्यामुळे लोक चालू उपचार सोडून बाटलीवर विसंबतात. दुसऱ्यामुळे, ज्या मुलांना या औषधाचा खरोखर उपयोग होऊ शकतो त्यांच्या घरात त्याबद्दल बोलायचीही लाज वाटते. सीबीडी हे खरंखुरं औषध आहे, आणि औषधाला लावायचे सगळे प्रश्न त्यालाही लावले पाहिजेत: कशासाठी, किती, कशाबरोबर आणि कुणी घेऊ नये. खालची उत्तरं याच भूमिकेतून लिहिली आहेत.

सीबीडी म्हणजे गांजाच ना?

नाही, पण झाड एकच. कॅनाबिस सटायव्हा या वनस्पतीच्या मादी फुलांवर अगदी बारीक, चिकट ग्रंथी असतात. त्यांतल्या राळेत शंभराहून जास्त प्रकारचे ‘कॅनाबिनॉइड’ सापडतात. त्यांतलं टीएचसी नशा आणतं. सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिऑल, हे त्याच राळेतलं दुसरं मोठं द्रव्य. ज्या वाणांमध्ये टीएचसी अत्यल्प असतं त्यांना हेम्प म्हणतात. अमेरिकेच्या २०१८ च्या शेती कायद्याने त्याची सीमा कोरड्या वजनाच्या ०.३ टक्के ठरवली. बाजारातलं बहुतेक सीबीडी अशा हेम्पमधूनच काढलेलं असतं आणि मग खोबरेल तेलातून वेगळ्या काढलेल्या पातळ भागात किंवा तिळाच्या तेलात मिसळलेलं असतं.

हा काही अलीकडचा शोध नाही. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रॉजर ॲडम्स यांनी १९४० मध्ये सीबीडी वेगळं काढलं. त्याची नेमकी रचना १९६३ मध्ये इस्रायलचे राफेल मेशुलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडली आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या प्रयोगशाळेने टीएचसीही ओळखलं.

मग त्याने नशा का होत नाही?

याचं उत्तर मला रसायनशास्त्रातल्या सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं. टीएचसी आणि सीबीडी यांचं सूत्र अगदी एकच आहे: कार्बनचे २१ अणू, हायड्रोजनचे ३० आणि ऑक्सिजनचे २. फरक फक्त मांडणीचा. टीएचसीमधलं एक कडं मिटलेलं असतं, सीबीडीत तेच उघडं राहतं. ठरावीक द्रव्य येऊन बसलं की पेशीला संदेश देणाऱ्या जागेला ‘ग्राही’ म्हणतात. एवढ्याशा फरकामुळे मेंदूतल्या ज्या ग्राहीवर, म्हणजे सीबी-१ वर, टीएचसी घट्ट बसतं आणि नशा चढते, तिथे सीबीडी नीट बसतच नाही.

पण ‘नशा होत नाही’ म्हणजे ‘मेंदूवर काहीच परिणाम होत नाही’ असं समजू नका. झटके थांबवणारं, गुंगी आणणारं द्रव्य मेंदूवर काम करतच असतं.

शरीरात ते नेमकं काय करतं?

आपल्या शरीरात स्वतःची अशी एक कॅनाबिनॉइड यंत्रणा आहे. सीबी-१ ग्राहीचा पुरावा १९८८ मध्ये मिळाला. मग प्रश्न पडला की ही ग्राही झाडासाठी तर बनलेली नसणार, शरीर स्वतः काय तयार करतं? मेशुलम यांच्या गटाला १९९२ मध्ये ते द्रव्य सापडलं आणि त्यांनी त्याला नाव दिलं ‘आनंदामाइड’. हो, आपल्या संस्कृतातल्या ‘आनंद’ या शब्दावरूनच. भूक, वेदना, मनःस्थिती, स्मरण अशा अनेक गोष्टींच्या नियमनात ही यंत्रणा भाग घेते.

सीबीडीचं काम मात्र याच यंत्रणेपुरतं नाही. सेरोटोनिनची एक ग्राही, उष्णता आणि वेदना ओळखणारे काही मार्ग, पेशींत कॅल्शियमची ये-जा ठरवणाऱ्या काही वाटा अशा बऱ्याच ठिकाणी ते हात लावतं. अपस्मारात, म्हणजे फिट्सच्या आजारात, ते यांतल्या नेमक्या कोणत्या वाटेने उपयोगी पडतं हे अजून पक्कं ठरलेलं नाही. म्हणून ‘सीबीडी शरीराचा समतोल साधतं’ असं एका ओळीत कुणी सांगितलं, तर ते जाहिरातीचं वाक्य आहे असं समजा.

कोणत्या आजारावर त्याचा उपयोग खरोखर सिद्ध झाला आहे?

लहानपणी सुरू होणाऱ्या काही अवघड अपस्मारांवर. ही या विषयातली सर्वांत भक्कम गोष्ट आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

ड्रॅव्हे सिंड्रोममध्ये बाळाला पहिल्या वर्षातच, बहुतेकदा तापात, झटके येऊ लागतात. पुढे ते वाढतात, एकामागून एक औषधं निकामी ठरतात आणि मुलाचा विकास अडखळतो. अमेरिकेतल्या कोलोराडोमधल्या शार्लट फिगी या चिमुरडीला हाच आजार होता, आठवड्याला सुमारे ३०० झटके यायचे. टीएचसी कमी आणि सीबीडी जास्त असलेल्या अर्काने तिचे झटके खूप कमी झाल्याची हकिकत २०१३ मध्ये दूरचित्रवाणीवरून जगभर गेली. एका मुलीचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. पण त्या अनुभवाने हजारो आईबाप प्रश्न विचारू लागले आणि शास्त्राने तो प्रश्न गांभीर्याने घेतला.

उत्तर २०१७ मध्ये आलं. ड्रॅव्हे असलेल्या १२० मुलांपैकी निम्म्यांना नेहमीच्या औषधांसोबत शुद्ध सीबीडी दिलं, निम्म्यांना तसंच दिसणारं बिनऔषधी द्रावण. कुणाला काय मिळतंय हे ना पालकांना माहीत होतं, ना डॉक्टरांना. सीबीडी घेणाऱ्यांचे महिन्याचे मोठे झटके, मध्यक (निम्मी मुलं ज्याच्या वर, निम्मी खाली असा आकडा) धरला तर, १२.४ वरून ५.९ वर आले, दुसऱ्या गटाचे १४.९ वरून १४.१ वर. म्हणजे एका बाजूला जवळजवळ निम्मे, दुसऱ्या बाजूला होते तेवढेच. लेनॉक्स-गॅस्टॉट सिंड्रोम या दुसऱ्या अपस्मारात मूल उभ्याउभ्या कोसळतं. तिथेही अशाच चाचण्या झाल्या: दिवसाला किलोमागे २० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचे कोसळण्याचे झटके सुमारे ४२ टक्क्यांनी घटले.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये या दोन आजारांसाठी शुद्ध सीबीडीच्या ‘एपिडायोलेक्स’ या औषधाला मान्यता दिली, २०२० मध्ये ट्युबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजारातल्या झटक्यांसाठीही. युरोपात ते २०१९ मध्ये मंजूर झालं. याशिवाय मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातल्या स्नायूंच्या ताठरपणासाठी एक तोंडात मारायचा फवारा अनेक देशांत दिला जातो, पण त्यात सीबीडीइतकंच टीएचसी असतं. त्याचं श्रेय एकट्या सीबीडीला देता येत नाही.

मग दुकानातली किंवा ऑनलाइन मिळणारी बाटली म्हणजे तेच औषध ना?

नाही. आणि या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

एपिडायोलेक्सच्या एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम सीबीडी असतं. बाजारात सर्रास दिसणाऱ्या ३० मिलिलिटरच्या बाटलीवर ‘३०० मिलिग्रॅम’ लिहिलेलं असतं. ते अख्ख्या बाटलीतलं असतं, म्हणजे मिलिलिटरला १०. एका मिलिलिटरचे साधारण २० थेंब धरले तर एका थेंबात अर्धा मिलिग्रॅम.

आता चाचणीतल्या मात्रेने हिशोब करू. वीस किलोच्या मुलाला किलोमागे २० मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला ४०० मिलिग्रॅम. औषधाचे ते चार मिलिलिटर होतात. तेवढंच सीबीडी त्या बाटलीतून द्यायचं तर ४० मिलिलिटर लागेल, रोज एक बाटली संपूनही अपुरी पडेल. जिभेखालचे पाच थेंब म्हणजे जेमतेम अडीच मिलिग्रॅम.

दुसऱ्या बाजूने पाहा. ब्रिटनच्या अन्नमानक संस्थेने २०२० मध्ये निरोगी प्रौढांना दिवसाला ७० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नका असं सांगितलं होतं. नवा अभ्यास हाती आल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये हा आकडा त्यांनी थेट १० वर आणला. म्हणजे वैद्यकीय देखरेखीशिवाय रोज घ्यायला जेवढं ठीक मानलं जातं, तेवढ्यात कोणताही आजार हटल्याचा भक्कम पुरावा नाही. आणि जेवढ्या मात्रेत आजारावर परिणाम दिसला, तेवढी मात्रा रक्ततपासणीशिवाय घेणं योग्य नाही. बाटलीवरच्या बहुतेक दाव्यांचा पाय या दोन आकड्यांच्या मधल्या खड्ड्यात अडकतो.

चिंता, घबराट यांवर उपयोग होतो का?

इथे आशेला जागा आहे, हे मी मनापासून म्हणतो. लोकांसमोर बोलायची भीती असलेल्या २४ जणांवर ब्राझीलमध्ये एक प्रयोग झाला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. भाषणाआधी ६०० मिलिग्रॅमचा एकच डोस घेतलेल्यांना बिनऔषधी कॅप्सूल घेतलेल्यांपेक्षा घबराट कमी झाली. निरोगी लोकांवरच्या पुढच्या प्रयोगांत आणखी एक लक्षणीय गोष्ट कळली: ३०० मिलिग्रॅमने फरक पडला, पण १०० किंवा १५० ने पडला नाही आणि ६०० किंवा ९०० नेही नाही. जास्त घेतलं की जास्त गुण येतो, हा आपला नेहमीचा समज इथे चालत नाही.

पण हे छोटे प्रयोग आहेत आणि बहुतांश एकाच डोसचे. महिनोन् महिने रोज घेऊन चिंता आटोक्यात राहते का, हा प्रश्न वेगळा. बाटलीच्या हिशोबाने ३०० मिलिग्रॅम म्हणजे एका बैठकीला आख्खी बाटली, हेही लक्षात असू द्या. चिंतेच्या विकारावर समुपदेशन आणि चांगली औषधं उपलब्ध आहेत. ती सोडून थेंबांवर दिवस काढण्यात आयुष्यातला मोलाचा काळ वाया जातो.

झोप येत नाही. रात्री थोडं घेऊ का?

२०१९ मध्ये ७२ रुग्णांची एक नोंद प्रसिद्ध झाली होती. पहिल्या महिन्यात सुमारे दोन तृतीयांश लोकांची झोप सुधारली, नंतर ती खालीवर होत राहिली. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. झोपेची तक्रार तशीही कमीजास्त होते, त्यामुळे त्यातलं श्रेय तेलाचं किती हे सांगता येत नाही. मोठ्या मात्रेत सीबीडीने सुस्ती येते हे खरं, पण सुस्ती म्हणजे शांत झोप नव्हे.

आईचे गुडघे फार दुखतात, पाठही धरते. तिला द्यावं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि याचंच उत्तर देताना मला सर्वांत वाईट वाटतं, कारण विचारणाऱ्याला आईसाठी काहीतरी करायचं असतं.

वेदनेवर सीबीडीच्या १६ नियंत्रित चाचण्यांचा एकत्रित आढावा ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी घेतला. त्यांतल्या १५ चाचण्यांत सीबीडी बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही २०२१ मध्ये कॅनाबिनॉइडच्या वापराला पाठिंबा द्यायला नकार दिला.

‘पण आमच्या ओळखीच्यांना गुण आला’ असं पुष्कळजण सांगतात. ते खोटं बोलत नाहीत. वर सांगितलेल्या लेनॉक्स-गॅस्टॉटच्या चाचणीत एक आकडा असा आहे, जो मी कधी विसरत नाही: बिनऔषधी द्रावण घेणाऱ्या रुग्णांचे झटकेही सुमारे १७ टक्क्यांनी कमी झाले होते. झटके मोजता येतात, तरीही एवढा फरक. दुखणं तर माणूस स्वतःच मोजतो. आशा, काळजी घेणारं माणूस जवळ असणं, आजाराचा आपसूक चढउतार या सगळ्यांचा त्यात वाटा असतो.

आई सत्तरीत असेल, रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करण्याची गोळी घेत असेल, तर खालचा औषधांचा प्रश्न वाचल्याशिवाय तिला एक थेंबही देऊ नका. वरून चोळायच्या मलमाचा धोका कमी, कारण त्यातलं रक्तात फार कमी उतरतं. त्यामुळे सांध्याच्या आतपर्यंत ते किती पोचत असेल याचाही अंदाज येतो.

कर्करोग बरा होतो का?

नाही. प्रयोगशाळेत बशीतल्या कर्कपेशींवर सीबीडी ओतलं की त्या मरतात, असे निष्कर्ष आहेत. बशीतल्या पेशी अनेक गोष्टींनी मरतात. माणसाच्या शरीरातला कर्करोग सीबीडीने बरा झाल्याचं एकाही विश्वासार्ह चाचणीने दाखवलेलं नाही. एवढंच नाही, ऑस्ट्रेलियात पुढच्या टप्प्यातल्या कर्करुग्णांना त्रास कमी व्हावा म्हणून दिवसाला ६०० मिलिग्रॅमपर्यंत सीबीडी देऊन पाहिलं. २०२२ मध्ये निकाल आला: बिनऔषधी तेलाच्या तुलनेत त्रासात फरक नाही. केमोथेरपी किंवा शस्त्रक्रिया पुढे ढकलून हे तेल घेऊ नका आणि कुणी घेत असेल तर गप्प बसू नका.

दुष्परिणाम कोणते?

अपस्माराच्या चाचण्यांत सर्वांत जास्त दिसले ते गुंगी, भूक मंदावणं, जुलाब, थकवा आणि अंगावर पुरळ. यांतले बरेच मात्रा कमी केल्यावर ओसरतात.

खरी काळजी यकृताची. काही रुग्णांत यकृताची विकरं (एन्झाइम) रक्तात वाढतात, विशेषतः वालप्रोएट हे अपस्माराचं औषध सोबत चालू असेल तर. एपिडायोलेक्स सुरू करण्याआधी आणि नंतर पहिल्या, तिसऱ्या व सहाव्या महिन्यात यकृताची तपासणी करायला सांगतात ती याचसाठी. ‘ते आजारी मुलांचं झालं, आम्ही धडधाकट आहोत’ असं वाटत असेल तर अमेरिकेत निरोगी प्रौढांवर झालेली चाचणी पाहा, २०२५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅम सीबीडी २८ दिवस दिलं, तेव्हा पाच-सहा टक्के लोकांचं यकृताचं विकर नेहमीच्या कमाल पातळीच्या तिप्पटीवर गेलं. त्यांना तोवर जाणवण्यासारखा त्रास नव्हता. यकृत दुखून सांगत नाही, रक्त तपासल्यावरच कळतं.

डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, पोटात उजवीकडे वर दुखलं, सतत मळमळलं, अंगाला कारण नसताना खाज सुटली, तर तेल त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जा.

चालू गोळ्यांबरोबर घेतलं तर चालेल का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. ‘वनस्पतीचं आहे, त्यात काय’ हे वाक्य इथे सर्वांत घातक ठरतं.

कारण असं की आपलं यकृत बहुतेक औषधं काही मोजक्या विकरांच्या मदतीने मोडून शरीराबाहेर काढतं. सीबीडी त्यांतल्या काही विकरांना अडवून धरतं. मग दुसरं औषध वेळेवर मोडत नाही आणि रक्तात साचत जातं. गोळी तीच, मात्रा तीच, पण शरीराला ती दुप्पट-तिप्पट घेतल्यासारखी लागते.

क्लोबाझाम हे अपस्माराचं औषध घेणाऱ्या मुलांत हे स्पष्ट दिसलं: सीबीडी सुरू केल्यावर त्या औषधाचा एक प्रभावी घटक रक्तात जवळपास तिप्पट होतो आणि मूल गुंगून पडतं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णात रक्त गोठण्याचा वेळ वाढल्याने वॉरफरिनची मात्रा कमी करावी लागल्याची नोंद आहे. ते वेळीच लक्षात आलं नाही तर रक्तस्राव होऊ शकतो. मूत्रपिंड किंवा यकृत प्रत्यारोपण झालेले रुग्ण शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस घेतात, त्याचीही पातळी वाढते आणि मूत्रपिंडालाच इजा पोचू शकते. झोपेच्या गोळ्या, दारू आणि गुंगी आणणारी इतर औषधं यांच्या जोडीला सुस्ती वाढते. उलट दिशेनेही असंच होतं: क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन सीबीडीला लवकर मोडून काढतं, तर बुरशीवरचं किटोकोनाझोल त्याची पातळी वाढवतं.

रोज घेतलेलं सीबीडी शरीरातून निम्मं जायलाच अडीच दिवसांच्या आसपास लागतात, पूर्ण निघायला दहा-बारा दिवस. शस्त्रक्रिया ठरली असेल तर ‘कालपासून बंद केलंय’ एवढं सांगून भागत नाही. भूलतज्ज्ञांना आधीच कल्पना द्या.

गरोदरपणात किंवा बाळ अंगावर पीत असताना?

घेऊ नका. सीबीडी आईच्या दुधात उतरू शकतं आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत गर्भाला व नराच्या प्रजननसंस्थेला अपाय दिसला आहे. मूल होण्यासाठी प्रयत्न चालू असतील तर नवऱ्यानेही लांब राहिलेलं बरं. लहान मुलांना अपस्मारतज्ज्ञांच्या लेखी सल्ल्याशिवाय कधीही नाही.

व्यसन लागतं का?

शुद्ध सीबीडीचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये सगळा पुरावा तपासून सांगितलं की माणसांत त्याच्या गैरवापराची किंवा अवलंबित्वाची लक्षणं दिसत नाहीत. हे ‘शुद्ध’ सीबीडीबद्दल आहे. बाटलीत टीएचसी मिसळलेलं असेल तर गोष्ट बदलते.

नोकरीतल्या किंवा खेळातल्या तपासणीत सापडेन का?

सापडू शकता. लघवीच्या तपासणीत टीएचसीचे अवशेष शोधतात, सीबीडीचे नाही. पण तेलात थोडं टीएचसी असेल आणि तुम्ही ते रोज घेत असाल तर ते शरीरातल्या चरबीत साचत जातं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०१८ पासून सीबीडीला बंदीच्या यादीतून वगळलं, टीएचसीला स्पर्धेच्या काळात बंदी कायम आहे. ‘लेबलवर टीएचसी शून्य लिहिलं होतं’ हा बचाव खेळाडूला वाचवत नाही. ज्यांची उपजीविका अशा तपासणीवर अवलंबून आहे त्यांनी हा धोका पत्करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

फुल स्पेक्ट्रम, ब्रॉड स्पेक्ट्रम, आयसोलेट यांतलं काय चांगलं?

फुल स्पेक्ट्रममध्ये झाडातली इतर द्रव्यंही असतात, थोडं टीएचसीसुद्धा. ब्रॉड स्पेक्ट्रममधून टीएचसी काढलेलं असतं, निदान तसा दावा असतो. आयसोलेट म्हणजे नुसतं सीबीडी. सगळी द्रव्यं एकत्र असली की परिणाम वाढतो असं म्हणतात, पण अपस्मारातला भक्कम पुरावा शुद्ध सीबीडीवरच मिळाला आहे.

हेम्प सीड ऑइल म्हणजे हेच का?

नाही. ते बियांचं तेल. बियांमध्ये सीबीडी जवळपास नसतं. जवस किंवा करडईच्या तेलासारखं ते खाद्यतेल आहे, चांगल्या स्निग्धाम्लांचं. नावातल्या सारखेपणाचा फायदा घेऊन ते सीबीडीच्या भावात विकतात, तेवढं पाहून घ्या.

लेबलवर विश्वास ठेवावा का?

डोळे मिटून नाही. अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं विकत घेऊन तपासली, २०१७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. फक्त २६ उत्पादनांवरचा आकडा बरोबर होता. ३६ मध्ये लिहिल्यापेक्षा जास्त सीबीडी, २२ मध्ये कमी. आणि १८ मध्ये टीएचसी सापडलं. लहान मुलाला झटक्यांसाठी अशी बाटली देणाऱ्या आईवडिलांचा विचार केला की हा आकडा फार बोचतो.

देशोदेशी कायदा वेगळा आहे, तो आधी तपासा. त्यानंतरही घ्यायचंच ठरलं असेल तर स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल मागा आणि तो नुसता ‘आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. अहवालावरचा बॅच क्रमांक तुमच्या बाटलीवरच्याशी जुळतो का? तारीख ताजी आहे का? सीबीडी आणि टीएचसी दोन्हींचं प्रमाण दिलंय का? कीटकनाशकं, अर्क काढताना वापरलेली द्रावकं आणि जड धातू तपासलेत का? हेम्पची मुळं जमिनीतले जड धातू चांगलीच शोषून घेतात, म्हणून शेवटचा मुद्दा सोडू नका. आजार बरा करतो असं ठणकावून लिहिलेली बाटली मात्र तिथेच ठेवून द्या.

उपाशीपोटी घ्यावं की जेवणानंतर?

डॉक्टरांच्या सल्ल्याने घेत असाल तर रोज एकाच पद्धतीने. तोंडावाटे घेतलेल्या सीबीडीतलं फार थोडं रक्तात पोचतं, पण स्निग्ध जेवणासोबत घेतलं तर तेच जवळपास चौपट शोषलं जातं. आज उपाशी, उद्या भरपेट असं केलंत तर मात्रा न बदलताही ती बदलल्यासारखी होते आणि कालचा गुण किंवा आजची गुंगी कशामुळे हे ना तुम्हाला कळतं, ना डॉक्टरांना. पहिले काही दिवस गाडी चालवू नका.

डॉक्टरांना सांगायला संकोच वाटतो. काय बोलू?

बाटलीच घेऊन जा. किती थेंब, दिवसातून किती वेळा, कधीपासून आणि कशासाठी, एवढं एका कागदावर लिहा. सोबत चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं, काढे आणि चूर्णांसकट. ‘डॉक्टर, मी हे घेतोय, माझ्या औषधांना याचा अडथळा होईल का आणि लिव्हरची तपासणी करू का?’ एवढं विचारलंत तरी पुरे. ते रागावतील अशी भीती असते, पण न सांगता घेतलेल्या तेलामुळे औषधाची पातळी बिघडली तर कारण शोधण्यातच आठवडे जातात.

मुलाला अपस्मार आहे. चालू औषध बंद करून हे सुरू करू का?

कृपा करून असं करू नका. ज्या चाचण्यांनी सीबीडीला औषधाचा दर्जा मिळवून दिला, त्यांत प्रत्येक मुलाची आधीची औषधं चालूच होती, सीबीडी त्यांच्या जोडीला दिलं होतं. अपस्माराचं औषध अचानक थांबवलं तर झटका सुरू होऊन थांबतच नाही अशी वेळ येऊ शकते, आणि तो जिवावर बेततो. झटका पाच मिनिटांहून जास्त चालला तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

औषधांनी झटके आवरत नसतील तर मेंदूविकारतज्ज्ञांना थेट विचारा: माझ्या मुलाच्या अपस्माराचा नेमका प्रकार कोणता, जनुकीय तपासणी करायला हवी का, आणि त्या प्रकारात सीबीडीचा उपयोग होतो का? झटक्यांची वही ठेवा, तारीख, वेळ, किती मिनिटं, कसा आला. जमलं तर मोबाइलवर चित्रण करा. औषध सुरू झालं तर ही वही पुढेही चालू ठेवा, कारण गुण आला की नाही हे ठरवायला तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.